वारंवार येणारा ‘पॉलिसी एरर’ आणि आमचा हिशेब

केवळ लाल कापडाच्या वहीत हिशेब ठेवणारी पेढी आज मालेगावात क्वचितच सापडेल. सुताची खरेदी, बिमाचे चलन, ताग्यांची आवक, पाली-बालोत्र्याला गेलेल्या ग्रे कापडाची बिले, सारे संगणकात असते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि उरलेसुरले व्यापारीही संगणकाकडे वळले. वही गेली त्याचे दुःख नाही. पण वहीबरोबर वही सांभाळण्याची रीतही गेली, आणि तिच्या जागी नवी रीत आपण शिकलो नाही.

आमचे वालिद दोन वह्या ठेवीत. कच्ची वही दुकानात राही, पक्की वही संध्याकाळी बगलेत धरून ते घरी नेत. दुकानाला आग लागली तरी हिशेब घरी शाबूत, घरी काही झाले तरी दुकानात शाबूत. महिन्यातून एकदा दोन्ही वह्या समोरासमोर मांडून मेळ घालीत. या रीतीत तीन गोष्टी होत्या. नक्कल करणे, ती दुसऱ्या जागी ठेवणे आणि ती तपासून पाहणे. आम्ही संगणक घेतला तेव्हा पहिली गोष्ट यंत्रावर सोपवली आणि उरलेल्या दोन विसरून गेलो. त्याची किंमत आम्ही २०२२ साली मोजली. आमच्या व्यापारी आणि कारीगर बांधवांवर ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

पॉलिसी म्हणजे विमा नव्हे

२०१९ साली आम्ही दुकानात एक सर्व्हर बसवला. म्हणजे असा एक संगणक, ज्यावर सगळ्यांचा हिशेब एका जागी राहतो आणि गादीवरचा, गोदामातला, सुताच्या कोठारातला संगणक त्याला जोडलेला असतो. त्यावर बॅकअपचे सॉफ्टवेअरही घातले. बसवायला आलेला इंजिनिअर पोरगा म्हणाला, “चाचा, पॉलिसी बनवून दिली आहे, आता निर्धास्त राहा.”

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. पॉलिसी म्हटले की आम्हाला विम्याची पॉलिसी आठवली, आणि विमा उतरवला म्हणजे नुकसान झाले तरी भरपाई मिळणार असे समजून आम्ही खरोखरच निर्धास्त राहिलो. इथेच पहिली चूक झाली.

बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉलिसी म्हणजे मुन्शीला लिहून दिलेला हुकूम. त्या हुकुमात पाच प्रश्नांची उत्तरे असतात. काय उतरवून घ्यायचे? केव्हा घ्यायचे? कुठे ठेवायचे? किती दिवस ठेवायचे? आणि कोणाच्या अधिकाराने कपाट उघडायचे? मुन्शी हुशार असेल तर मालकाच्या हुकुमातली चूक स्वतः ओळखतो. यंत्राला ती अक्कल नाही. लिहिले तेवढेच ते करते, आणि लिहिलेले करता आले नाही तर तांबड्या अक्षरांत एक ओळ लिहून गप्प बसते. ती तांबडी ओळ म्हणजे पॉलिसी एरर.

आमच्या पॉलिसीत काय होते ते सांगतो. काय घ्यायचे, तर हिशेबाचे फोल्डर आणि स्कॅन केलेल्या चलनांचे फोल्डर. केव्हा, तर रोज रात्री छोटा बॅकअप आणि शुक्रवारी दुपारी पूर्ण बॅकअप. कुठे, तर बाहेरून जोडलेल्या ५०० जीबीच्या हार्डडिस्कवर. किती दिवस, तर चार आठवडे. शुक्रवार मुद्दाम निवडला होता, कारण मालेगावात त्या दिवशी साचे बंद, बाजार बंद, सर्व्हरवर कोणाचे काम नाही. कागदावर सगळे बरोबर होते.

एकच एरर, चार वेळा

जून २०२१ मध्ये शेजारच्या गोदामात तारा जळून आग लागली. आग लवकर विझली, पण आम्ही धसका घेतला आणि मुन्शीजींना ताकीद दिली की गुरुवारी रात्री दुकान बंद करताना मेन स्वीच उतरवायचा तो शनिवारी सकाळीच चढवायचा. ताकीद योग्यच होती. फक्त ती पॉलिसीला कोणी सांगितली नाही.

ऑगस्टमध्ये पहिला एरर आला. पॉलिसी पूर्ण झाली नाही, जागा अपुरी. इंजिनिअर पोराला फोन केला. तो म्हणाला, डिस्क भरली आहे, साफ करा. साफ केली, एरर गेला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तोच एरर. आता सल्ला मिळाला की मोठी डिस्क घ्या. आम्ही १००० जीबीची घेतली. ती चार महिने चालली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा तीच तांबडी ओळ. पुन्हा साफ केली. मधल्या काळात एकदा मुन्शीजींनी पेनड्राईव्ह आधी लावल्याने डिस्कचे अक्षर बदलले, तेव्हाही एरर आला होता. तोही आम्ही यातच धरला आणि ‘हे यंत्र असेच आहे’ म्हणून सोडून दिले.

मग एप्रिल उजाडला. मे गेला, जून गेला, एरर आला नाही. बला टळली असे समजून आम्ही समाधान मानले. रोज सकाळी पडद्यावर हिरवी ओळ दिसे, बॅकअप यशस्वी.

सप्टेंबर २०२२ मध्ये वीज खालीवर झाली आणि सर्व्हरची आतली डिस्क कायमची गेली. बॅकअपमधून हिशेब उतरवला तेव्हा जो निघाला तो ३१ मार्चपर्यंतचा. त्यापुढच्या साडेपाच महिन्यांची एकही नोंद त्यात नव्हती.

पोर्टलवर जे नव्हते

विकलेल्या मालाची बिले जीएसटीआर-१ मध्ये भरलेली होती, ती पोर्टलवरून मिळाली. खरेदीची जीएसटीआर-२बी मध्ये सापडली. ई-वे बिले मिळाली, बँकेचे उतारे मिळाले. मोठ्या व्यापाऱ्यांशी असलेला हिशेब अशा रीतीने जुळत गेला.

जुळला नाही तो छोट्या कारखानदारांचा हिशेब. बारा साचे, सोळा साचे चालवणारी ही माणसे आमचे सूत घेऊन मजुरीने कापड विणून देतात. त्यांची जीएसटीची नोंदणी नाही, म्हणून ती कोणत्याही पोर्टलवर नाहीत. किती बिम दिले, किती तागे आले, किती उचल गेली, हे आमच्या संगणकात होते आणि बहुतेकांच्या केवळ डोक्यात. ताग्यांची चलने पोत्यांत बांधलेली सापडली. पण उचलीच्या नोंदी मुन्शीजी थेट संगणकात करीत, त्यांचा कागदच नव्हता.

आम्हाला एकेकाला बोलावून विचारावे लागले, “तुमचे आमच्याकडे किती निघते?” या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर देणेकऱ्याने घेणेकऱ्याला असे विचारणे किती लाजिरवाणे असते ते ज्याच्यावर गुदरते त्यालाच कळते. एकाने बिस्किटाचा डबा आणून आमच्याच हातच्या चिठ्ठ्या समोर ओतल्या. दुसऱ्याने आठवून एक रक्कम सांगितली, ती आम्ही दिली. पुढे पोत्यातून चलने निघाली तेव्हा कळले की त्याने स्वतःचेच नुकसान होईल एवढी कमी सांगितली होती. फरक नेऊन दिला तेव्हा तो म्हणाला, “तुमच्याकडे लिहिलेले असते म्हणून आम्ही लिहीत नाही.”

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. संगणकातला हिशेब आमचा, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्यातला निम्मा दुसऱ्यांची अमानत होता. सगळे पूर्ववत व्हायला अडीच महिने लागले.

गाठ कुठे होती?

आमचा भाचा पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. तो सुटीत आला आणि बॅकअपचा लॉग वाचत बसला. लॉग म्हणजे सॉफ्टवेअरचा रोजमेळ, कोणत्या दिवशी काय केले त्याची तारीखवार नोंद. थोड्या वेळाने त्याने विचारले, “मामू, डिस्क भरते हे सगळ्यांनी पाहिलं. का भरते हे कुणी विचारलं?”

त्याने जे दाखवले ते असे. आमचा रोजचा छोटा बॅकअप ‘मागच्या पूर्ण बॅकअपनंतर जे जे बदलले ते सगळे’ या जातीचा होता. शुक्रवारी पूर्ण बॅकअप झाला की शनिवारी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. रोज ३०० एमबीची भर पडते असे धरले, तर सहाव्या दिवशीची नक्कल १.८ जीबीची होते. पण शुक्रवारी मेन स्वीच बंद, म्हणून पूर्ण बॅकअप होतच नव्हता. मग मोजणी एकपासून सुरू कशी होणार? साठाव्या दिवशीची नक्कल १८ जीबीची झाली. चार आठवड्यांच्या अशा २८ नकला म्हणजे जवळजवळ ४०० जीबी. शिवाय पहिला पूर्ण बॅकअप काढून टाकता येत नाही, कारण त्याच्यावरच या साऱ्या नकला उभ्या. ५०० जीबीची डिस्क दोन महिन्यांत भरली, १००० जीबीची चार महिन्यांत. दुप्पट पैसे घालून आम्ही दुप्पट दिवस विकत घेतले, इलाज केलाच नाही.

म्हणजे एरर ‘कुठे ठेवायचे’ या प्रश्नावर दिसत होता आणि चूक ‘केव्हा घ्यायचे’ या प्रश्नात होती. लॉगमध्ये दर शनिवारी सकाळी एक पिवळी ओळ होती, ठरलेली वेळ निघून गेली, पूर्ण बॅकअप झाला नाही. पिवळी म्हणून आम्ही ती कधी वाचली नाही.

एप्रिलपासून एरर का थांबला, ते तर त्याहून वाईट निघाले. टॅलीत वर्षाप्रमाणे हिशेब विभागला की जुना मूळ हिशेब तसाच राहतो आणि नव्या वर्षासाठी नव्या क्रमांकाचे वेगळे फोल्डर तयार होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमचा हिशेब असा विभागला गेला. चलनांसाठीही ‘२०२२-२३’ हे नवे फोल्डर उघडले. पॉलिसीत मात्र जुन्याच फोल्डरांची नावे राहिली. सॉफ्टवेअर रोज रात्री जुने फोल्डर उघडी, काहीच बदललेले नाही असे पाही, आणि ‘यशस्वी’ लिहून मोकळे होई. भरच पडत नव्हती, मग डिस्क भरणार कशी? दोष टॅलीचा नव्हता, बॅकअपच्या सॉफ्टवेअरचाही नव्हता. दोघांनी आपापले काम केले. धंदा पुढे सरकला आणि आमचा हुकूम मागे राहिला.

वारंवार येणाऱ्या पॉलिसी एररचे मूळ बहुधा इथेच असते. सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. दुकानात काहीतरी बदललेले असते आणि पॉलिसीला ते ठाऊक नसते.

मोठ्यांच्या घरीही मातीच्याच चुली

हे आमच्यासारख्या अडाण्यांचेच होते असे कोणी समजू नये. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात त्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका इंजिनिअरकडून चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डाटा पुसण्याचा हुकूम दिला गेला. त्याने एकदोन सेकंदांत तो थांबवला, पण सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. मग बॅकअप शोधले. रोज नक्कल होऊन दूरच्या साठ्यात जाते असे सर्वांना वाटत होते, तो साठा रिकामा निघाला. डाटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि नक्कल करणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे नक्कल होतच नव्हती. एररची ईमेल निघत होती, पण तिच्यावर आवश्यक ती खातरजमेची खूण नसल्याने मेल सर्व्हर ती परत लावत होता. त्यामुळे कोणाला कळलेच नाही.

त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने एक नक्कल घेतली होती, तिने कंपनी वाचली. सहा तासांचे काम मात्र गेले. कंपनीच्याच अंदाजाप्रमाणे सुमारे ५००० प्रकल्प, ५००० अभिप्राय आणि ७०० नव्या खात्यांना त्याचा फटका बसला. त्यांनी हे लपवले नाही, सारी हकीगत स्वतः जाहीर केली. म्हणून तर आपल्याला धडा घेता येतो.

आकड्यांतही हेच पाच प्रश्न

मोठ्या बँका आणि कंपन्यांत नेटबॅकअप नावाचे सॉफ्टवेअर चालते. त्यात प्रत्येक कामाच्या शेवटी एक आकडा येतो. ते आकडे पाहिले तर हेच पाच प्रश्न दिसतात. ७१ म्हणजे यादीत लिहिलेली एकही फाईल सापडली नाही, ‘काय’ चुकले. १९६ म्हणजे बॅकअपची ठरलेली वेळ संपून गेली, ‘केव्हा’ चुकले. १२९ म्हणजे डिस्कची जागा भरली, ‘कुठे’ किंवा ‘किती दिवस’ चुकले. ५८ म्हणजे ज्या संगणकाचा बॅकअप घ्यायचा त्याच्याशी संपर्कच झाला नाही. २४७ म्हणजे पॉलिसी बंद करून ठेवलेली आहे. शून्य म्हणजे यशस्वी.

सर्वांत फसवा आकडा १ आहे. त्याचा अर्थ, काम अंशतः यशस्वी. बहुतेक फाईली आल्या, काही राहिल्या. राहिल्या त्या बहुधा उघड्या असलेल्या, आणि दुकानात दिवसभर उघडी असते ती नेमकी हिशेबाची फाईल. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा नसेल, पिवळा रंग असेल. पिवळी ओळ दिसली तर कोणती फाईल राहिली ते त्याच दिवशी पाहावे.

एरर आला तर काय पाहावे?

भाच्याने आम्हाला जी पद्धत शिकवली ती वाचकांच्या उपयोगासाठी क्रमाने देतो.

१) शेवटचा एरर नव्हे, पहिला एरर शोधा. लॉगमध्ये मागे जा आणि तो प्रथम कोणत्या तारखेला आला ते पाहा. मग त्याच्या आधीच्या आठवड्या-पंधरवड्यात दुकानात काय बदलले ते आठवा. नवा संगणक, नवा पासवर्ड, नवे फोल्डर, बदललेली वेळ, नवी डिस्क. कारण दहापैकी नऊ वेळा तिथेच सापडते.

२) तोच बॅकअप दिवसा हाताने चालवून पाहा. हाताने होतो पण ठरलेल्या वेळी होत नाही, असे असेल तर चूक वेळेची किंवा अधिकाराची आहे. त्या वेळी संगणक बंद असेल, झोपलेला असेल किंवा पासवर्ड बदललेला असेल. हातानेही होत नसेल तर फोल्डरचे नाव, डिस्क किंवा जोडणी तपासा.

३) अधिकार पाहा. रात्री बॅकअप चालतो तो कोणाच्या तरी नावाने आणि पासवर्डने. ते नाव मुन्शीजींचे असेल तर त्यांनी पासवर्ड बदलला की बॅकअप अडतो. ज्या कार्यालयात सगळे संगणक विंडोज सर्व्हरच्या ताब्यात असतात तिथे, कोणी बदलली नसेल तर, पासवर्डची मुदत ४२ दिवसांची असते. ठरावीक दिवसांनी तोच एरर परत येत असेल तर हे आधी पाहावे. बॅकअपसाठी स्वतंत्र नाव ठेवणे हा त्यावर इलाज आहे.

४) घड्याळ पाहा. संगणकाच्या आतला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख चुकते. तारीख चुकली की वेळापत्रक चुकते. चिल्लर किमतीच्या सेलपायी लोक सॉफ्टवेअर बदलतात.

५) डिस्कचे अक्षर पक्के करा. पेनड्राईव्ह आधी लावला की बाहेरच्या डिस्कचे अक्षर बदलू शकते आणि पॉलिसीला तिचे घर सापडत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला शेवटचे एखादे अक्षर नेमून द्यावे.

६) एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि एरर गेला, तर कशाने गेला हे कळत नाही आणि परत आला की पुन्हा अंधार.

७) वैतागून पॉलिसी पुसून नवी करू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच वेळी ‘जुन्या नकलाही काढायच्या का’ असे विचारले जाते आणि घाईत ‘हो’ दाबले जाते. आम्ही डिस्क साफ करीत होतो त्या प्रत्येक वेळी काही तास आमच्याकडे एकही नक्कल नव्हती. सर्व्हर त्या तासांत गेला असता तर? नवी नक्कल पूर्ण होऊन तपासली गेल्याखेरीज जुनीला हात लावू नये.

किती दिवस आणि कुठे?

चार आठवड्यांची मुदत ही हिशेबासाठी पुरेशी नाही, हेही आम्हाला उशिरा कळले. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. ज्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत आणि हिशेब संगणकात आहे, त्यांना ऑगस्ट २०२२ मध्ये बदललेल्या नियमाप्रमाणे रोजच्या रोज बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. म्हणून रोजच्या नकला चार आठवडे ठेवा, पण ३१ मार्चची एक पूर्ण नक्कल वेगळी काढून तिला पॉलिसीच्या मुदतीतून सोडवा. नाहीतर मुदत संपली की यंत्र तीही इमानेइतबारे पुसून टाकील.

जागेबद्दल जाणकारांचा एक साधा नियम आहे. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरांची एक इमारत जळून खाक झाली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले. दुसरी प्रत कायम जोडूनही ठेवू नये. संगणकातल्या फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॅनाक्राय हा विषाणू १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला. असे विषाणू जोडलेल्या डिस्कवरच्या नकलाही सोडत नाहीत. वालिद पक्की वही घरी का नेत, ते आम्हाला या वयात कळले.

आता आमची रीत

शुक्रवारचा पूर्ण बॅकअप आम्ही बुधवारी दुपारी जेवणाच्या सुटीत नेला. या एका बदलाने डिस्क भरणे थांबले, नवीन काही घ्यावे लागले नाही. पॉलिसीत एकेका फोल्डरचे नाव न लिहिता ज्या मोठ्या फोल्डरात सगळी वर्षे राहतात त्याचेच नाव लिहिले, म्हणजे नव्या वर्षाचे फोल्डर आपोआप आत येते. दोन डिस्क केल्या, एक दुकानात आणि एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. शिवाय मेन स्वीचजवळ एक कागद डकवला आहे. दुकानात काहीही बदलले, वेळ, पासवर्ड, संगणक किंवा फोल्डर, तर त्याच दिवशी पॉलिसी पाहायची.

आणि जी गोष्ट आम्ही पूर्वी कधीच केली नाही ती आता चुकत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुन्शीजी बॅकअपमधून हिशेब दुसऱ्या संगणकावर उतरवतात, आदल्या आठवड्यातले एक बिल आणि एका कारखानदाराची एक उचल काढतात आणि कागदाशी ताडून वहीत सही करतात. अर्धा तास लागतो. हिरव्या ओळीवर आमचा विश्वास नाही असे नव्हे, पण ती ओळ ‘हुकूम पाळला’ एवढेच सांगते. हुकूम बरोबर होता की नाही हे तिला ठाऊक नसते. ते पाहणे मालकाचे काम.

उचलीचीही आता छापील चिठ्ठी निघते, एक आमच्याकडे, एक कारखानदाराकडे. ज्याने स्वतःचे देणे कमी सांगितले होते तो परवा चिठ्ठी खिशात घालताना म्हणाला, “आता आमच्याकडेही लिहिलेले आहे.” त्याच्याकडे ते आहे म्हणून आमची रात्रीची झोपही थोडी निश्चिंत झाली आहे.